आयडीचे नंबर मधातून सुटतात तेव्हा: फसलेल्या इन्सर्टचा माग कसा काढायचा

"भाऊ, ४१२ नंतर एकदम ४१९ कसा? मधातले सहा बिलं कुठी गेले?"

नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत, गांधीबागेत, कळमन्याकडच्या गोदामांत, जिथे जिथे बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे तिथे हिशेब बंद करायच्या दिवसांत हा प्रश्न निघतोच. मुनीम यादी काढतात, सीएकडे पाठवतात, तिथून खुणा करून परत येते. मग मालक काउंटरवरच्या पोराकडे पाहतो. रोखीचं बिल बनवलं, पैसे खिशात घातले आणि बिल उडवलं, हा संशय दोन मिनिटांत तयार होतो. म्हणून हा विषय मला नुसता तांत्रिक वाटत नाही. डेटाबेसच्या एका साध्या, कागदोपत्री मान्य असलेल्या वागण्यामुळे कुणावर चोरीचा आळ येऊ नये.

आधी थोडक्यात उत्तर. बिलाचा नंबर म्हणून टेबलाची आपोआप वाढणारी आयडीच छापत असाल, तर मधले नंबर सुटणारच. बहुतेक वेळा कुणीही काहीही डिलीट केलेलं नसतं. नोंद घालायला, म्हणजे इन्सर्ट करायला, घेतली, नंबर मिळाला, मग काहीतरी अडलं आणि नोंद पडलीच नाही. मिळालेला नंबर मात्र परत जात नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याचा डेटा साठवणारा भाग), पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि ऑरॅकल हे चौघंही असंच वागतात, आणि हे वागणं जाणूनबुजून ठेवलेलं आहे.

कारण दुकानातच पाहता येतं. दोन काउंटर आहेत. पहिल्याने बिल उघडलं, त्याला ४१३ मिळाला. त्याचं बिल अजून पूर्ण व्हायचं आहे, तेवढ्यात दुसऱ्या काउंटरने ४१४ घेतला आणि बिल कमिटही केलं, म्हणजे पक्कं साठवलं. आता पहिल्याचा व्यवहार फसला. ४१३ परत घ्यायचा तर मोजणी ४१२ वर न्यावी लागेल, पण ४१४ तर छापून गिऱ्हाइकाच्या हातात गेला. हे टाळायचं तर पहिल्याचं बिल पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला नंबरच द्यायचा नाही, म्हणजे एका वेळी एकच काउंटर चालणार. डेटाबेस बनवणाऱ्यांनी सलगता सोडली आणि वेग घेतला. नंबर वाटणारा मोजणीचा भाग व्यवहाराच्या, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या, बाहेर ठेवला. रोलबॅक केल्यावर, म्हणजे व्यवहार मागे घेतल्यावर, नोंद जाते, मोजणी तिथेच राहते.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर चाचणीच्या डेटाबेसमध्ये एक टेबल करा: आपोआप वाढणारी आयडी, आणि बारकोडचा कॉलम, त्यावर युनिक की, म्हणजे तोच बारकोड दोनदा येऊ न देणारं बंधन. पहिली नोंद घाला, आयडी १. तोच बारकोड पुन्हा घाला, मायएसक्यूएल एरर १०६२ देईल, डुप्लिकेट एंट्री. आता वेगळा बारकोड घाला, आयडी ३ येईल. २ जळाला. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून एक नोंद घाला, तिला ४ मिळेल. रोलबॅक करा, पुन्हा घाला, ५ येईल. पोस्टग्रेसमध्ये हेच करा, हेच दिसेल.

दोघांत एक फरक आहे आणि तो कामाचा आहे. नॉट नल, म्हणजे रिकामा न चालणारा, कॉलम रिकामा ठेवून इन्सर्ट केला तर मायएसक्यूएल इनोडीबीपर्यंत पोहोचायच्या आधीच अडवतो, त्यामुळे नंबर जळत नाही. पोस्टग्रेसमध्ये कॉलमची डीफॉल्ट किंमत आधी काढली जाते, म्हणजे सीक्वेन्सकडून (पोस्टग्रेसची नंबर वाटणारी मोजणी) नंबर आधी घेतला जातो आणि बंधनं नंतर तपासली जातात. तिथे नॉट नलची चूकही एक नंबर खाते. एसक्यूलाइट या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. ऑटोइन्क्रिमेंट लिहिलं असेल तर त्याची मोजणी एका साध्या टेबलात राहते, त्यामुळे रोलबॅकसोबत तीही मागे येते. मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइटवर चाचणी केली, नंबर सुटले नाहीत, म्हणून सर्व्हरवरही सुटणार नाहीत असं धरून चालू नका.

डिलीट झालं की पडलंच नाही?

संशय आला असेल तर आधी हे ठरवा. बिलाचं डोकं, म्हणजे मुख्य नोंद, एका टेबलात आणि ओळी दुसऱ्या टेबलात असतात. स्टॉकची हालचाल आणि जमा रक्कम आणखी कुठे. ४१३ ते ४१८ या आयडी त्या बाकीच्या टेबलांत कुठे दिसतात का ते शोधा. खरोखर बिल बनून नंतर उडवलं असेल, तर फॉरेन की (एका टेबलाची नोंद दुसऱ्याशी बांधणारं बंधन) कडक नसलेल्या जुन्या डेटाबेसमध्ये कुठेतरी पिसं सापडतात. कुठेच काही नाही, स्टॉकही जुळतो, तर नोंद पडलीच नव्हती असं मानायला जागा आहे.

मायएसक्यूएल असेल तर याहून पक्का पुरावा बायनरी लॉगमध्ये असतो. त्यात कमिट झालेले बदल लिहिले जातात. इनोडीबीच्या टेबलांवरचा रोलबॅक झालेला व्यवहार तिथे पोहोचतच नाही. त्यामुळे त्या नंबरचा इन्सर्ट आणि पुढे डिलीट दोन्ही लॉगमध्ये असतील तर कुणीतरी उडवलंय. दोन्ही नसतील तर नंबर फसलेल्या इन्सर्टने खाल्ला. आवृत्ती ८.० मध्ये हा लॉग मुळातच चालू असतो आणि डीफॉल्टने ३० दिवस टिकतो. म्हणजे दिवाळीतल्या बिलाची चौकशी मार्चमध्ये करायला गेलात तर हाती काही लागणार नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच फसलेल्या प्रत्येक इन्सर्टची एक ओळ वेगळ्या लॉगमध्ये लिहून ठेवा: वेळ, काउंटर, एररचा क्रमांक. ही ओळ फसणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या बाहेरून लिहावी, नाहीतर तीही रोलबॅकमध्ये जाईल. ज्यांचा धंदा कंपनी म्हणून नोंदलेला आहे त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, बंधनकारकच आहे. बाकीच्यांनीही ठेवावा असं मी आग्रहाने सांगतो, कारण पोराची बाजू घेणारं दुसरं काही नसतं.

नंबर कसे सुटलेत ते बघा

लॅग हे विंडो फंक्शन वापरून प्रत्येक आयडीतून आधीची आयडी वजा करा आणि फरक एकापेक्षा जास्त असलेल्या ओळी वेळेसकट काढा. मायएसक्यूएलमध्ये हे ८.० पासून चालतं, पोस्टग्रेसमध्ये कधीचंच आहे. ही यादी समोर आली की अर्धं निदान होतं.

एक-दोन नंबर इकडेतिकडे सुटलेले, आणि तेही गर्दीच्या वेळी, म्हणजे डुप्लिकेट, डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकणं) किंवा वेळ संपल्यामुळे झालेले रोलबॅक. प्रिंटर अडकला म्हणून काउंटरवाल्याने 'सेव्ह' दोनदा दाबला, हे नेहमीचं. फरक सगळीकडे सारखाच, समजा दर वेळी दोन किंवा सात, तर काही फसलेलं नाही. वाढीची पायरीच तशी ठेवलेली आहे. दोन मास्टर सर्व्हर असतील तर दोन, आणि मायएसक्यूएलच्या ग्रुप रेप्लिकेशनची (अनेक सर्व्हरवर तोच डेटा ठेवायची सोय) डीफॉल्ट पायरी सात. एका टेबलातून दुसऱ्यात इन्सर्ट-सिलेक्टने माल ओतल्यावर शेवटी गॅप दिसला, तर इनोडीबीने किती ओळी येणार हे माहीत नसल्याने १, २, ४, ८ असे दुपटीने नंबर राखून ठेवले आणि उरलेले वाया गेले. चार ओळी ओतल्या की पुढची आयडी ८ येते ती यामुळे. पोस्टग्रेस कोसळून उठला तर ३२ पर्यंत नंबर सुटू शकतात. ऑरॅकलचा सीक्वेन्स डीफॉल्टने २० नंबर मेमरीत धरतो, सर्व्हर पडला की ते गेले.

आणि फरक हजाराच्या आसपास असेल तर तो एसक्यूएल सर्व्हर आहे. आपल्याकडे हा प्रकार सगळ्यात जास्त मे महिन्यात बघायला मिळतो. नागपूरचा उन्हाळा, दुपारी लाइन जाते, काउंटरच्या टेबलाखालच्या सर्व्हरला यूपीएस नाही किंवा त्याची बॅटरी बसलेली. लाइन आल्यावर पहिलं बिल थेट हजाराच्या पुढचं. मालक घाबरतो, त्याला वाटतं डेटा गेला. डेटा जागेवर असतो. २०१२ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर इंट प्रकारच्या आयडेंटिटीचे (त्याची आपोआप वाढणारी आयडी) १००० आणि बिगइंटचे १०,००० नंबर आधीच मेमरीत राखतो. अचानक बंद पडला की राखलेले नंबर सोडून पुढच्या गठ्ठ्यावर जातो. २०१७ पासून डेटाबेसच्या पातळीवर आयडेंटिटी कॅश बंद करता येतो, त्याआधीच्या आवृत्तीत सर्व्हर सुरू करताना ट्रेस फ्लॅग २७२ द्यावा लागतो. एवढ्याने हजाराच्या उड्या थांबतात. फसलेल्या इन्सर्टमुळे जाणारे नंबर त्यानंतरही जातच राहतील, हे मालकाला त्याच दिवशी सांगून ठेवा.

तपासताना एक फसगत टाळा. मायएसक्यूएल ८.० मध्ये इन्फर्मेशन स्कीमामधला (टेबलांची माहिती ठेवणारा भाग) ऑटोइन्क्रिमेंटचा आकडा साठवलेला असतो आणि डीफॉल्टने २४ तास जुना असू शकतो. शो टेबल स्टेटसचंही तेच. खरा आकडा शो क्रिएट टेबलमध्ये बघा.

न दिसणारी गळती

बिलाच्या टेबलातले सुटलेले नंबर निदान कुणाच्या तरी डोळ्यांत येतात. मला जास्त काळजी वाटते ती मालाच्या टेबलाची, कारण तिथली आयडी कुणी छापत नाही आणि कुणी बघत नाही.

दुकानाचं ऑनलाइन ऑर्डरचं पान असतं. दर दहा मिनिटांनी दुकानातल्या सॉफ्टवेअरमधून ८,००० वस्तूंचे भाव आणि शिल्लक वर पाठवली जाते. लिहिणाऱ्याने सोपा मार्ग घेतलेला असतो: इन्सर्ट करा, बारकोड आधीच असेल तर ऑन डुप्लिकेट की अपडेट. काम बरोबर होतं, एकही एरर येत नाही. पण प्रत्येक ओळ आधी इन्सर्ट म्हणून जाते, नंबर घेते, बारकोडवर आपटते आणि मग अपडेट होते. नवीन वस्तू एकही नसली तरी दर फेरीला ८,००० नंबर जळतात. दिवसाच्या १४४ फेऱ्या, म्हणजे रोज ११,५२,०००. साध्या इंटची मर्यादा २१४,७४,८३,६४७. भागाकार करून बघा, पाच वर्षांच्या थोडं पुढे. कुणी जागा वाचवायला मीडियमइंट ठेवला असेल तर त्याची मर्यादा ८३,८८,६०७, आठवडाभरात खेळ खलास. टेबलात मात्र वस्तू तेवढ्याच, आठ हजार.

मर्यादा गाठल्यावर येणारी एररही दिशाभूल करते. मायएसक्यूएल म्हणतो डुप्लिकेट एंट्री, प्रायमरी की साठी, आणि पुढे तोच २१४७४८३६४७ चा आकडा. लोक डुप्लिकेट वस्तू शोधत बसतात. हा आकडा एररमध्ये दिसला की वस्तू शोधू नका, आयडी संपली आहे.

इन्सर्ट इग्नोर, रिप्लेस आणि पोस्टग्रेसचं ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग हेही असेच नंबर खातात. उपाय म्हणून बरेच जण आधी अपडेट करतात आणि शून्य ओळी बदलल्या तर इन्सर्ट करतात. मायएसक्यूएलमध्ये यात एक खाच आहे. भाव आणि शिल्लक तीच असेल तर ओळ सापडूनही 'बदललेल्या ओळी शून्य' असं उत्तर येतं, मग प्रोग्राम इन्सर्टला जातो आणि पुन्हा नंबर जळतो. त्यापेक्षा आलेला माल आधी एका कच्च्या टेबलात उतरवा, जोडून अपडेट करा, आणि मूळ टेबलात नसलेलेच बारकोड लेफ्ट जॉइनने निवडून घाला. किंवा त्या टेबलाला वेगळ्या आयडीची गरजच आहे का ते विचारा. बारकोडच प्रायमरी की चालत असेल तर प्रश्न मुळातून मिटतो. आयडी बिगइंट करायची असेल तर तिच्याकडे बोट दाखवणारे बाकीच्या टेबलांतले कॉलमही बदलायला विसरू नका, आणि टेबल मोठं असेल तर ते काम दुकान बंद झाल्यावर करा.

इनोडीबीचा ऑटोइन्क लॉक मोड (नंबर वाटताना कुलूप किती कडक ठेवायचं ती सेटिंग) शून्यावर आणा, असा सल्लाही मिळेल. मी तो देत नाही. त्याने काउंटर एकमेकांसाठी ताटकळतात, बदल पूर्ण सर्व्हरला लागू होतो, आणि रोलबॅकमध्ये गेलेले नंबर तिन्ही मोडमध्ये जातातच, हे मायएसक्यूएलच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे.

दुपारनंतर आपोआप नीट झालं

पोस्टग्रेसवाल्यांसाठी हे वेगळं सांगतो. जुन्या सॉफ्टवेअरमधून आयडीसकट नोंदी सीएसव्हीने आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक नवीन नोंदीला डुप्लिकेट कीची एरर. काउंटरवाला पुन्हा पुन्हा दाबतो, दुपारपर्यंत एरर थांबते, आणि सगळे म्हणतात नेटचा प्रॉब्लेम असेल. नेटचा काही संबंध नाही. आयडी हाताने दिली की पोस्टग्रेसचा सीक्वेन्स पुढे सरकत नाही. तो अजून १ वरच होता आणि टेबलात ३०० पर्यंत नोंदी होत्या. प्रत्येक फसलेल्या इन्सर्टने सीक्वेन्स एकने पुढे ढकलला आणि तीनशे वेळा आपटून तो रिकाम्या जागेवर पोहोचला. आणलेला डेटा मोठा असता तर ही दुपार उजाडलीच नसती. इम्पोर्ट झाल्याबरोबर सेटव्हॅल वापरून सीक्वेन्स टेबलातल्या सगळ्यात मोठ्या आयडीवर आणा. मायएसक्यूएलमध्ये हाताने मोठी आयडी घातली तर मोजणी स्वतःहून पुढे जाते, म्हणून तिकडून इकडे आलेल्यांना हे लवकर सुचत नाही.

काय करू नये

सगळ्यात मोठ्या आयडीत एक मिळवून नवा नंबर प्रोग्राममधून काढणं. दोन काउंटर एकाच क्षणी तेच उत्तर वाचतात आणि एकाचं बिल आपटतं. युनिक की नसेल तर याहून वाईट, एकाच नंबरची दोन बिलं छापली जातात.

सुटलेले नंबर नंतर भरणं किंवा जुन्या आयडी पुन्हा क्रमाने लावणं हेही नको. बिल छापून गेलेलं आहे, व्हॉट्सॲपवर गेलेलं आहे, ई-वे बिलावर तो नंबर आहे. मोजणी अल्टर टेबलने मागे नेण्याचा खटाटोपही व्यर्थ आहे. इनोडीबी अस्तित्वात असलेल्या सगळ्यात मोठ्या आयडीच्या खाली जात नाही.

मायएसक्यूएल ५.७ किंवा त्याआधीचं अजून चालवत असाल तर उलटा धोकाही आहे. तिथे मोजणी फक्त मेमरीत असते. शेवटची काही बिलं डिलीट केली आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तर मोजणी उरलेल्या मोठ्या आयडीपासून सुरू होते आणि वापरलेला नंबर दुसऱ्याच गिऱ्हाइकाला जातो. २००३ मध्ये नोंदलेला हा दोष, बग क्रमांक १९९, आवृत्ती ८.० मध्ये मोजणी डिस्कवर टिकवायला लागल्यावर मिटला.

बिल नंबर वेगळा ठेवा

जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाला सलग अनुक्रमांक हवा, १६ अक्षरांच्या आत, त्या आर्थिक वर्षात एकमेव. मालिका एक किंवा अनेक चालतात. ही गरज आयडीची नाही, म्हणून आयडीवर ती लादू नका. आयडी आतल्या आत राहू द्या, छापू नका.

एक छोटं टेबल करा: फर्म, आर्थिक वर्ष, मालिका, शेवटचा नंबर. बिल साठवताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळीतला शेवटचा नंबर एकने वाढवा, वाढलेला नंबर बिलात लिहा, कमिट करा. पोस्टग्रेसमध्ये अपडेटला रिटर्निंग जोडलं की नंबर लगेच हाती येतो. मायएसक्यूएलमध्ये लास्ट इन्सर्ट आयडी या फंक्शनमध्येच वाढीचं गणित लिहिता येतं. बिल फसलं तर ही वाढही रोलबॅक होते आणि नंबर खरोखर परत येतो. बिलाच्या टेबलात फर्म, वर्ष, मालिका आणि नंबर या चौघांवर मिळून युनिक की ठेवा.

किंमत एकच: कमिट होईपर्यंत ती ओळ लॉक राहते. त्यामुळे स्टॉक तपासणं, उधारीची मर्यादा, वाहतूकदार निवडणं हे सगळं आधी उरका आणि नंबर अगदी शेवटी घ्या. प्रिंटरची किंवा यूपीआयच्या होकाराची वाट बघताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं, तर दुसरा काउंटर थांबतो आणि ५० सेकंदांनी मायएसक्यूएल त्याला एरर १२०५ देतो. ही एरर आल्यावर डीफॉल्टने फक्त ते एक वाक्य मागे जातं, पूर्ण ट्रान्झॅक्शन नाही. प्रोग्रामने स्वतः रोलबॅक करायला हवा, नाहीतर पुढचा कमिट अर्धवट बिल साठवतो. गर्दी फारच असेल तर प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका द्या, नियमात बसतं, आणि कुणी कुणासाठी थांबत नाही.

बिल रद्द करायचं तर डिलीट नको, फक्त रद्द अशी खूण करा. जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये कुठून कुठपर्यंत, एकूण किती आणि त्यातली रद्द किती, हे विचारलेलंच असतं.

वर्षाच्या मध्ये ही पद्धत आणत असाल तर जुन्या बिलांना हात लावू नका. ठरलेल्या तारखेपासून नवी मालिका १ पासून सुरू करा आणि तक्ता १३ मध्ये दोन्ही मालिका वेगवेगळ्या दाखवा. जुन्या मालिकेतले सुटलेले नंबर म्हणजे रद्द बिलं नव्हेत, ती कधी बनलीच नाहीत. त्यांची यादी, लॉगमधल्या वेळा आणि एरर क्रमांकासकट, सीएच्या हाती आधीच द्या, आणि तीच यादी मालकालाही दाखवा.